बाहेरची खुर्ची

आईची सही मी घरीच, जेवणाच्या टेबलावर उरकून घेतली होती. नोटरीसमोर करायची सही घरून करून नेणारा मूर्ख मी एकटाच नसेन. पण "बघ, तुझा वेळ वाचवला," असं नोटरीलाच ऐटीत सांगणारा बहुधा मीच. गेल्या महिन्यात ग्रुपवर शुभदा गेल्याचा मेसेज आला, आणि आधी डोळ्यांपुढे आला तो त्या वेळचा तिचा चेहरा...

शुभदा आमच्या इथल्या मराठी मंडळातली. नवऱ्याच्या, गिरीशच्या, व्हिसावर पुण्याहून इंग्लंडला आली तेव्हा तिची एलएलबी इथे कुणी विचारेना. मग स्लाऊ गावातल्या एका सॉलिसिटरकडे, म्हणजे वकिलाकडे, पॅरालीगल म्हणून लागली. कागद टाइप करायचे, फायली लावायच्या आणि गप्प बसायचं. तिथे एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी मुलाकडे बघत बघत, तो बोट ठेवेल तिथे सही केली. कागद शुभदानंच टाइप केलेले. "मला दिसत होतं रे, पण बोलणं माझं काम नव्हतं," ती सांगायची. नोकरी सांभाळून नोटरीचा कोर्स केला तो त्यानंतर. इंग्लंडात ही नेमणूक आर्चबिशपच्या कचेरीतून होते, म्हणून आम्ही तिला 'बिशपीणबाई' म्हणून चिडवलं, तिनं पेढे वाटले. पण त्या सहीची भीती काही गेली नाही. शिक्का दाबताना ती दर वेळी श्वास रोखायची. "एकदा उमटला की पुसता येत नाही, विनू."

माझे कागद कोथरूडच्या फ्लॅटचे होते. बाबा गेल्यावर आई ब्रॅकनेलला आमच्याकडे आलेली. फ्लॅट तिच्या नावावर, आणि तो विकायचे अधिकार मला देणारं हे मुखत्यारपत्र. शुभदानं सही बघितली आणि कागद बाजूला सारला.

"हे रद्द. काकूंशी मी एकटी बोलते. तू बाहेर बस."

"अगं, मुलगा आहे मी तिचा!"

"म्हणूनच."

दाराबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची होती. आधी मी फोन चाळला. मग भिंतीवरची फायर एक्झिटची पाटी पाठ केली. मग आतून आईचं रडणं ऐकू आलं, आणि मी उठून उभा राहिलो. बाबा गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती... दाराच्या मुठीला हात लावला आणि काढून घेतला. हिला कुणीतरी घाबरवलंय, एवढं कळत होतं. ते कोण असेल याचा विचार करायला लागलो, आणि यादी फारच लवकर संपली.

दार उघडलं. "काकूंना सही करायची नाहीये," शुभदा म्हणाली. "आणि गाडीत ओरडू नकोस."

ओरडलो नाही. एवढंच म्हटलं, "आई, मला सांगायचंस ना."

सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. "तू विचारलं कुठे? पेन दिलंस."

फ्लॅट राहिला. आई दर हिवाळ्यात तिकडे जाते, खुशीत असते. पण त्या दिवशी टेबलामागे दुसरं कुणी असतं, हसून शिक्का मारून मोकळं झालं असतं, या विचारानं मला अजून धडकी भरते.

परवा शुभदाचं ऑफिस रिकामं करायला गिरीशनं बोलावलं. आईही हट्टानं आली. शिक्का त्यानं शुभदाच्या रुमालात गुंडाळून ठेवला होता. आई टेबलासमोर, तेव्हाच्याच जागी जाऊन बसली आणि टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मी आत पाऊल टाकलं.

मान न वळवता आई म्हणाली, "तू बाहेर बस."