पंखातली तुळई

डिंकानं जोडलेले लाकडाचे दोन वीतभर तुकडे डॉक्टर शिकंज्यात आवळायचे, हातोडीचा एक ठोका घालायचे आणि तुटलेली बाजू चष्मा कपाळावर चढवून नाकाशी आणून बघायचे. लाकूड फाटलं असेल तर चेहरा खुलायचा. जोड सुटला असेल तर त्या दिवशी चहासुद्धा त्यांना गोड लागत नसे. "तोडल्याबिगर कळत न्हाई, अप्पा," हे त्यांचं पालुपद. डिंक कालवला की असा एक जोड उरलेल्या तुकड्यांचा बनवायचा, दुसऱ्या दिवशी तोडायचा, आणि तो नीट तुटला तरच त्या डिंकाचं खरं काम पास.

माझी अहमदपुरात लाकडाची वखार आहे. निवृत्तीनंतर माणसाला खूळ लागतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणी गुलाब लावतं, कुणी गल्लीतल्या भांडणांचं वकीलपत्र घेतं. हे जनावरांचे डॉक्टर, यांनी विमान बांधायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं, लाकडाचं. नकाशे परदेशातून मागवलेले, कारखाना म्हणजे घरामागचा म्हशींचा रिकामा गोठा.

पहिल्यांदा वखारीत आले तेव्हा सरळ रेषेची, बिनगाठीची पाइनची फळी हवी म्हणाले. एकेका फळीला बोटांनी टकटक करून कान लावत होते. सगळी नोकरी म्हशींची पोटं वाजवण्यात गेलेली, हाताची सवय कुठं जाणार. आमचा हमाल म्हणाला, "गाभण हाय का बगा, डॉक्टरसाहेब."

"हाय की," डॉक्टर म्हणाले. "पोटात इमान हाय."

त्या दिवशी त्यांनी अख्खी थप्पी उलथून तीन फळ्या नेल्या. थप्पी परत रचताना मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पुढं मीच त्यांच्यासाठी चांगली फळी बाजूला काढून ठेवू लागलो.

गोठ्यावर गेलो की वहिनी चहा आणायच्या. त्या कंधारकडच्या, शेतकऱ्याच्या लेक. नवऱ्याच्या खुळाला नाकं मुरडत असतील असं मला वाटलं होतं. तर पंखावर ताणायचं कापड शिवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलेलं. शिवणयंत्र गोठ्यात, गव्हाणीशेजारी. "आमचं इमान" म्हणायच्या, "ह्यांचं" कधीच म्हणाल्या नाहीत. घरात तिसरं माणूस नव्हतं.

पंखाचा सगळा भार आत दडलेल्या एका लांब तुळईवर असतो, हे मला डॉक्टरांनी शिकवलं. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून ती तयार होते. वरून प्लायवूड, त्यावर कापड, त्यावर रंग. एकदा बंद झाली की ती कुणाला दिसत नाही. "हिचे जोड सुटले की पंख मिटला," डॉक्टर म्हणाले. "पंख मिटला की इचारायलाच नगो."

दोन वर्षांत पंख झाले. पांढरे, इतके देखणे की हात लावायची भीती वाटावी. त्याच सुमारास एका सकाळी आम्ही तिघं गोठ्यात चहा घेत होतो. वहिनी पंखावरून पदर फिरवत सहज म्हणाल्या, "अप्पा, ह्यात मी बी एक काम केलंय. ह्यांना ठावं न्हाई."

"काय हो?"

"हे लातूरला गेलते, खंडेनवमीला. मी हत्यारं धुतली, तेल लावून पूजा मांडली. बाजूला त्या लांब पट्ट्या रंधून ठिवलेल्या. म्हणलं, तिफणीला तेल पाजतोत, जुवाला पाजतोत, दाराच्या चौकटीला पाजतोत, मग हिनंच काय पाप केलंय. करडईचं तेल चोळचोळून पाजलं. वाळवी लागंल कशी?"

आमच्याकडं नवं लाकूड कोरडं कामाला लावत नाहीत. तेल पाजणं म्हणजे लेकराला माखणं. पण तेल प्यायलेल्या लाकडाला डिंक धरत नाही, हे वखारवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी लातूरहून येऊन त्याच पट्ट्या चिकटवल्या होत्या. तोवर तेलाचा रंग मुरला होता, वास उडाला होता. दुसऱ्या दिवशी तोडलेला जोड मात्र कपाटातल्या कोरड्या तुकड्यांचा. तो अगदी नीट तुटला होता.

 डॉक्टरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं केलंस." वहिनी खूश झाल्या.

फाटकापाशी मी त्यांचा दंड धरला. "पंख उघडा."

"उघडला तर ती इचारंल, का उघडला."

"मग सांगा. तेलाची चूक, काय खून आहे का?"

त्यांनी फाटक ओढून घेतलं. मग त्यांना एक मुलगी होती हे मला पहिल्यांदा कळलं. तापात गेलेली. "त्या दिशी मी हिला म्हणलो, तू येळंवर उठवलं न्हाईस मला. तुझ्यामुळं गेली. एकदाच म्हणलो, अप्पा. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्यासमोर जेवली न्हाई. आता परत तुझ्यामुळं म्हणू का?"

 घरी आलो, पण जेवण गेलं नाही. मी विकलेल्या लाकडावर बसून हा माणूस आकाशात जाणार, आणि ते लाकूड आतून सुटं असेल की धरून असेल, हे त्यालाही ठाऊक नाही.

डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. हवा पंखाला खालून ढकलते, म्हणून पंख उलटा करून लोखंडी चौकटीला आवळला आणि त्यावर मार्केट यार्डातून आणलेली सोयाबीनची पोती रचायला घेतली. पेललं तर पास. गल्ली जमली. वहिनींनी पहिल्या पोत्याला हळदकुंकू लावलं. पंख वाकत गेला, वाकायलाच हवा होता. शेवटचं पोतं चढलं आणि आतून एक बारीक आवाज आला. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती, कुणाला ऐकू गेला नाही. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

पोती उतरवल्यावर पंख सरळ झाला. "पेललं की," डॉक्टर म्हणाले.

"आवाज आला."

"पोत्याचा असंल."

एवढं तोडून बघणारा माणूस, त्याला पोत्याचा आवाज कळत नव्हता होय. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्यानंतर मी गोठ्यावर जाणं टाळू लागलो. परवानगीचे कागद कुठंतरी अडकलेले, ते कायमचे अडकोत अशी मी देवाजवळ प्रार्थना केली. पण वहिनी रोज विचारत होत्या, "कधी उडायचं?" आणि एक दिवस कागद आले, डॉक्टरांना 'नाही' म्हणायचं कारण उरलं नाही. "बाभळीएवढं वर, लगेच खाली. तिच्यासाठी एक डाव," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे आत गेले होते.

सोयाबीन निघाल्यावर डॉक्टरांच्या मेहुण्याच्या मोकळ्या रानात पट्टी सपाट केली. सकाळची वेळ, वारा नाही. वहिनींनी डॉक्टरांना ओवाळलं, विमानाला ओवाळलं. इंजिन सुरू झालं. मग त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि पंखावर पाय देऊन सरळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"अगं, खाली उतर," डॉक्टर ओरडले.

"का? दोन माणसाचं हाय की. कापड मी शिवलंय."

"पहिल्या डावाला कुणी बसत न्हाई."

"तुमी बसलाव की. काय व्हायचं ते दोघांचं होईल." त्या हसत होत्या. पट्टा कसा लावायचा ते शोधत होत्या.

डॉक्टरांचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. मी ताट धरून उभा होतो. विमान हातभर पुढं सरकलं, आणखी हातभर सरकलं. मग डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. पुढचा पंखा थांबल्यावर ते खाली उतरले. मग बिघाड आहे म्हणून सांगितलं. लोक हसले, पांगले.

आठवड्याभरात त्यांनी दोन्ही पंख करवतीनं कापले. वहिनी मधे आडव्या पडल्या, रडल्या, बोलायच्या थांबल्या. "वाळवी लागली आतून," एवढंच डॉक्टरांनी सांगितलं आणि तुकडे चुलीला लावले. एकही तुकडा शिकंज्यात घातला नाही. मी मागितला, तर नको म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर दुपारी बाजेवर पडल्या पडल्याच गेले. मातीला मी होतो. 

त्या वर्षी खंडेनवमीला वहिनी वखारीत आल्या. हातात तेलाचा गडू आणि फडकं.

"अप्पा, मी तवा घाईघाईनं हात फिरवला. तेल कमी पडलं, म्हणून वाळवी शिरली. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला न्हाई, पर मला कळतंय की. तुमच्या मालाचं तरी तसं व्हायला नगो."

हमाल माझ्याकडं बघायला लागला. तेल लावलेली फळी कुठला सुतार घेणार? मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. वहिनी एकेक फळी चोळत पुढं सरकत होत्या, आणि मी गडू धरून त्यांच्या मागं मागं फिरत होतो.