रस्ता पाण्यात शिरला तिथं खैरटोला होतं

त्या सहलीला मी गेलो तो पाहुणा म्हणून नाही, पाळतीवर गेलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ नामदेव, त्याची मुलगी शालू नागपुरात भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. लगेच त्याच विभागात एम.ए. करायचं, विमानातून काढलेल्या फोटोंवरून जमीन वाचायला शिकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलेलं. नामदेवनं पक्कं केलेलं तिचं लग्न. पाहुणे येऊन पसंती सांगून गेले होते. तेवढ्यात अभ्यास-सहल निघाली, तीही मुक्कामाची, आणि गेल्याशिवाय प्रॅक्टिकलचे गुण नाहीत.

“दादा, तूच जा तिच्यासंग,” नामदेव म्हणाला. “अन् पाहून ये, काय शिकवून राहिले हे लोक. कामाचं असन तं शिकू दे. नाई तं या उन्हाळ्यात उरकून टाकू.”

सायकलीचं दुकान सांभाळत हाती येईल ते वाचायची मला खोड, म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन. आता पोरीचं पुढचं सगळं माझ्याच जिभेवर येऊन बसलं.

आमचं हुडकेश्वर तेव्हा म्हणजे नुसती शेतं. बांधाबांधानं मोठ्या रस्त्यावर यायचं, मग सिटी बस. विभागात पोचलो तर मटाडोर यायला वेळ होता. शालूनं टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि त्यावर चार पायांचा चष्मा उभा केला. “मोठे बाबा, पाहा बरं यातून.”

मी वाकलो. आधी धूसर दिसलं, मग एकदम झाडंच उठून डोळ्यांत आली! टेकडी वर, नाला खोल, कवेलूंची छपरं उभी. मी झटक्यानं मान मागे घेतली. पोरं हसली. एक म्हणाला, “काकाजी, घाबरू नका, झाड अंगावर नाही पडत!”

“हे खैरटोला,” शालू म्हणाली. “आपल्याले याच गावाची पाहणी करायची हाय.”

खैरटोला! माझ्या मावसभावाची वरात तिथंच गेली होती. पिंपळाखाली पंगत बसली होती आमची.

कामठी, कन्हानचा पूल, मग मनसर. मनसरला आलुबोंडा खाल्ला, वर कटोरीभर रस्सा. तर्रीनं कानशिलं तापली. जाणार असाल तर पोटभर इथंच खाऊन घ्या, पुढं जंगलाचा पट्टा आहे. पाणी जवळ ठेवा आणि हिवाळ्यातच जा.

नकाशाप्रमाणे डावीकडं वळलो. चढ संपला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. “आगे रस्ताच नहीं है, सर.”

होता की रस्ता. डांबरी, कडेला पांढरे दगड. पण तो सरळ पाण्यात शिरला होता. पलीकडं नजर जाईल तिथवर पाणी. नव्या धरणाचं पाणी. पिंपळ, विहीर, पंगत बसलेली ती जागा, कुठं बोट दाखवावं?

शालू हातातल्या नकाशाकडं आणि पाण्याकडं आळीपाळीनं पाहत राहिली. तिचे सर शांतपणे म्हणाले, “नकाशा जुना होतो, हे वर्गात सांगून पटत नाही. चला, माणसं शोधू.”

माणसं थोड्या अंतरावरच्या नव्या वसाहतीत सापडली. घरं सरळ रांगेत, दारांवर आकडे. शालूनं बायकांना अंगणात गोळा केलं. म्हणाली, जुनं गाव दगडांनी मांडून दाखवा. मग काय विचारता!

“काहून वं, माह्या सासऱ्याचं घर नाल्यात ठेवतं का?”

“तुह्या सासऱ्याचा पाय नाल्यातच राहे ना!”

हसता हसता एकीनं पदर डोळ्यांना लावला.

सरजाबाई नावाची म्हातारी लांबच बसली होती. शालूनं पिशवीतून ते फोटो काढले, तसाच एक छोटा चष्मा त्यावर ठेवला आणि म्हातारीला वाकवलं. सरजाबाई दचकली. मग हळूच हात पुढं केला आणि कागदावर बोटं टेकवली.

“माहं घर,” ती म्हणाली. “पोरी, पाह्य बरं, दार लावलं हाय का उघडं? पाणी चढून राहिलं होतं, गाडीत बसवलं मले घाईघाईनं. कडी लावल्याचं आठवतच नाही.”

मी शालूच्या कानाशी लागलो, “लावलं हाय म्हण.”

शालूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “आजी, हा फोटो तुम्ही निघायच्या लय आधीचा हाय. अन् वरून छप्परच दिसते. दार नाही दिसत.”

एवढीशी पोरगी, अन् म्हातारीला इतकं कोरडं उत्तर! सरजाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, अंगणात गेली आणि एक दगड उचलून दुसरीकडं ठेवला. “हिले खरं सांगा वं. हे पोरगी खरं मांडते.” त्यानंतर दिवस मावळेस्तोवर तीच एकेक घर सांगत होती.

परत आल्यावर नामदेवला हे सांगितलं, तर तोही म्हणाला, “लावलं हाय म्हटलं असतं तं काय गेलं असतं पोरीचं?”

“मीही तेच म्हटलं होतं, गा. परत येताना तिनं मलेच विचारलं, एक घर खोटं मांडलं तं बाकीच्या घरांवर कोण भरवसा ठेवीन?”

तेव्हा नामदेव म्हणाला, “पाहुण्यांना दोन वर्षं थांबा म्हणतो.”

पाहुणे काही थांबले नाहीत. बरीच वर्षं लोटली, पण एक आख्खं गाव पाण्याखाली शांत पडलेलं असतं, याचा धक्का माझा अजून ओसरला नाही. धरणाकडं सहलीला जाल, नावेत बसाल, फोटो काढाल. खाली काय आहे ते काठावरच्या एखाद्या म्हातारीला जरूर विचारा.

सहलीहून परतल्यावर, त्या सोमवारी नामदेवनं शालूला सायकलवर डबलसीट बसवून विभागात नेलं. टोपी हातात घेऊन सरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, ते गाव मले त्या चष्म्यातून पाहता येईन का?”