बेटावर सामान सांभाळणारे काका

"ह्यात बघण्यासारखं काय आहे?" असं म्हणून ते उजव्या हाताचा पंजा उलटा करून माशी हाकलल्यासारखा झटकायचे. ताजमहाल असो, कुणाचं नवीन घर असो, नाहीतर कुणाची नवी सून असो, सगळ्यांच्या वाट्याला तोच झटका. ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगमध्ये ते पहिल्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. बावीस वर्षं शेजार होता, पण ह्या माणसाला एखादी गोष्ट पसंत पडलेली मी पाहिली नाही. असा एक नमुना तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. नसेल तर देवाचे आभार माना.

मी त्यांना काका म्हणायचे, पण ते तोंडदेखलं. मनात काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बिल्डिंगला लिफ्ट बसली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "जिन्याला काय झालं होतं?" त्यानंतर पहिल्या मजल्यावरून खाली दूध आणायला जाताना सर्वांत जास्त लिफ्ट कोणी वापरली असेल? ह्यांनीच. दर वर्षी मी माहेरच्या पेटीतले दोन हापूस खाली नेऊन द्यायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक होते. पूर्वीची चव नाही." बाठे चोखून पांढरे केलेले असायचे, पण पूर्वीची चव नाही!

बिल्डिंगची सहल महाबळेश्वरला गेलेली. सगळे कठड्याला टेकून दरी बघताहेत, फोटो काढताहेत, आणि हे दरीकडे पाठ करून बाकावर. मी म्हटलं, "काका, या ना, धुकं किती सुंदर आहे." पंजा झटकून म्हणाले, "दरी म्हणजे शेवटी काय? खड्डाच ना! तुम्ही जा. मी सामान सांभाळतो."

हे त्यांचं दुसरं वाक्य. मी सामान सांभाळतो. आमच्या पाण्याच्या बाटल्या, स्वेटर आणि चिवड्याच्या पिशव्या कोण पळवणार होतं देव जाणे. पण हे प्रत्येक ठिकाणी बॅगांचा ढीग करून त्याच्याशेजारी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघायचे.

त्यांचं त्यांनी बसावं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते काकूंनाही बसवायचे. माझा संताप व्हायचा तो ह्याच्यावर. काकू जेमतेम पाच फूट, आवाज इतका हळू की कुकर चालू असला तर ऐकू यायचा नाही. डोंबिवलीला नाटकाला जायची त्यांना भारी हौस. काका न्यायचे, नाही असं नाही. पण मध्यंतर झालं की उठायचे. "कळलं पुढे काय होणार ते. चल." की निघाल्या काकू मागोमाग. मग दोन दिवसांनी जिन्यात मला गाठून हळूच विचारायच्या, "अगं, तू पूर्ण बघितलंस ना? शेवटी काय झालं?" मी जिन्यात उभी राहून त्यांना दुसरा अंक सांगायचे. अशी किती नाटकं सांगितली असतील, मोजदाद नाही.

तर त्या वर्षी बिल्डिंगमधल्या आम्ही अकरा जणांनी क्रूझला जायचं ठरवलं. मुंबईहून बोट निघणार, लक्षद्वीपच्या एका बेटावर दिवसभर उतरवणार आणि परत. काकांनी अर्थातच नाक मुरडलं. पण काकू कधी नव्हे त्या म्हणाल्या, "मला जायचंय." आणि मला एकटीला गाठून कारण सांगितलं. त्यांचं माहेर राजापूरकडचं, खाडीकाठचं. लहानपणी त्या खाडी पोहून पलीकडे जायच्या. लग्न होऊन इकडे आल्या ती अडतीस वर्षं गुडघ्यापलीकडे पाण्यात गेल्या नव्हत्या. "समुद्रात बाई माणसानं डुंबण्यासारखं काय आहे?" असं ह्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलेलं. "मला एकदा मनसोक्त पोहायचंय गं," काकू म्हणाल्या. "मरायच्या आत एकदा."

त्यासाठी त्यांनी गडद निळा कुर्ता आणि लेगिंग आणली. रंग जातो का ते बघायला ते कपडे दोन दिवस बादलीत बुडवून ठेवले. ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

बोटीवर काकांना ऊत आला. केबिनच्या खिडकीतून बघून म्हणाले, "पाणीच पाणी. एवढं दाखवायला इथवर आणलं?" जेवणाला ओळीने चाळीस पदार्थ मांडलेले, तर म्हणाले, "वरण कुठाय?" रात्रीच्या नाचगाण्याला तर त्यांनी दोन्ही हातांचे पंजे झटकले.

बोटीवर प्रत्येकाला एक प्लास्टिकचं कार्ड देतात. उतरताना दाखवायचं, चढताना दाखवायचं. ते नसेल तर दारावरचा माणूस हलू देत नाही. पहिल्याच दिवशी काकांनी आमची सगळ्यांची कार्डं गोळा केली. "तुम्ही हरवाल." ती पाकिटासारख्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली, आणि झोपतानासुद्धा काढली नाही असं काकू म्हणाल्या. आम्हीही बावळट, दिली त्यांच्याकडे!

बेटाच्या सकाळी आम्ही तयार होऊन त्यांच्या केबिनच्या दाराशी गेलो तर हे पलंगावर आडवे. "उतरायचं कशाला? संध्याकाळी परत इथेच यायचंय ना?" मी म्हटलं, "मग आमची कार्डं द्या." त्यांनी एकेक करून नऊ कार्डं माझ्या हातावर ठेवली आणि पिशवीची चेन लावली.

"काकूंचं?" मी विचारलं.

"ती नाही येत. छोट्या होडीत उतरावं लागतं. पाय घसरला म्हणजे?"

काकू निळा कुर्ता घालून, केस घट्ट बांधून दारात उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. मला वाटलं, झालं, आता ह्या कुर्ता बदलणार. माझ्या तोंडात शिवी आलेली. तेवढ्यात काकूंनी हात पुढे केला.

"माझं कार्ड द्या."

"काय?"

"माझं कार्ड द्या."

आवाज नेहमीचाच, हळू. पण हात खाली जाईना. काका उठून बसले. एकदा काकूंकडे, एकदा आमच्याकडे बघितलं. मग कार्ड काही दिलं नाही, स्वतःच बूट घालायला लागले. "चला. मी येतो. तुमचं सामान कोण सांभाळणार तिकडे?"

बेट कसं होतं ते मी काय सांगू! वाळू मिठासारखी पांढरी आणि पाण्याचा रंग असा की डोळ्यांना खरा वाटेना. "निळं आहे," काका म्हणाले. "आमच्या बाथरूमच्या टाइल्सही निळ्या आहेत." नारळाच्या सावलीत त्यांनी बॅगांचा ढीग केला आणि समुद्राकडे पाठ करून बसले. एवढ्या लांब येऊन माणूस शहाळ्यांच्या टपरीकडे तोंड करून बसला होता. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

काकू पाण्यात शिरल्या. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर. मी म्हटलं, सावकाश हं काकू. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पुढे झुकल्या आणि निघाल्या. अहो, काय पोहत होत्या! पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. अडतीस वर्षं भाजी निवडलेले ते हात इतके सरळ आणि लांब जात होते की मी बघतच राहिले. माझे डोळे भरून आले, आणि त्या नारळाखालच्या पाठीचा इतका तिरस्कार वाटला की विचारू नका.

तिथे लाटा नव्हत्या, पाणी बरंच आतपर्यंत उथळ होतं. जिथे खोल होतं तिथे प्लास्टिकचे डबे बांधलेली दोरी टाकलेली. काकू तिथवर गेल्या, दोरीला धरून थांबल्या, आमच्याकडे पाठ करून. पाच मिनिटं झाली, सात झाली. वळेनात. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने शिट्टी मारली, तरी नाही.

शिट्टी ऐकून काकांनी मान वळवली. मग उठून उभे राहिले.

"अगं ए!" ते ओरडले. "अगं, बास झालं! ये परत!"

काकू हलल्या नाहीत. आणि काका चालायला लागले. सामान तसंच टाकून, बूट, पँट, गळ्यातली पिशवी, सगळ्यासकट सरळ पाण्यात. ह्या माणसाला पोहायला येत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी खोटं कशाला बोलू, आम्ही हसलो. मी सर्वांत मोठ्याने हसले. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी पिशवी काढून डोक्यावर धरली, ते बघून तर कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं. हे पुढेच चाललेले, हाका मारत. मग पाणी हनुवटीला लागलं. मग नुसता पिशवीचा हात दिसायला लागला.

जीवरक्षक धावला, पण त्याच्या आधी काकू पोहोचल्या. त्यांनी मागून शर्टाची कॉलर पकडली आणि ओढत, ओढत, पाय टेकतील तिथवर आणलं. काका वाळूवर बसून खोकत होते. एक बूट गेला होता, पिशवी मात्र मुठीत होती. इकडे बॅगांपाशी बेटावरच्या दोन शेळ्या आमची केळी खात होत्या.

खोकला थांबल्यावर काका म्हणाले, "खारट आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "तळही नीट नाही."

परतीच्या होडीत ते पुढे बसले, एका पायात बूट, बेटाकडे पाठ. काकू माझ्या शेजारी. इंजिनाचा आवाज एवढा होता की बोललेलं फक्त मला ऐकू येत होतं.

"दोरीला हात लावला ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा वाटलं, खालून पलीकडे जावं. मरायला नव्हे गं. नुसतं जायला. परत वळूच नये."

मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"ह्यांची हाक ऐकली. आधी म्हटलं, ओरडू दे. मग हाक एकदम बंद झाली. वळून बघते तर नुसता हात! ज्याला परत जाता येत नाही, तो माणूस एवढ्या पुढे येतो कशाला गं?" मग दात आवळून म्हणाल्या, "मूर्ख माणूस." अडतीस वर्षांत हा शब्द बहुतेक पहिल्यांदाच उच्चारला असेल. आणि टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले. माझ्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की बोटीवर चढेपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

काका सुधारले वगैरे नाहीत. बिल्डिंगमध्ये ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "वाळू आहे आणि पाणी आहे." पंजाही तसाच झटकला. फक्त त्यानंतरच्या नाटकाला मध्यंतरात उठले नाहीत. दुसरा अंकभर घोरले, मागच्या रांगेतले कुरकुरले, पण उठले नाहीत. काकूंनी शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. दोन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर, जेवण, पलंग, सगळ्याला नावं ठेवून झाली, आणि गेले. मला रडू येईल असं मुळीच वाटलं नव्हतं. आलं. बावीस वर्षं ज्याच्यावर मनापासून चिडले, तो माणूस जिन्यात भेटत नाही म्हटल्यावर चुकल्यासारखं होतं हो.

काकू आता रोज सकाळी तरणतलावावर जातात. परवा मी सोबत गेलेले, काठावर बसून बघत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे, न दमता. बाहेर आल्या तेव्हा टॉवेल देत मी म्हटलं, "काकू, पुन्हा जाऊ या का बेटावर? ह्या वेळी दोघीच. हवं तेवढं पोहा."

त्यांनी केस पुसले. पाण्याकडे बघितलं.

"नको गं," म्हणाल्या. "इथं बरंय. भिंत आली की वळायचं. तिकडे आता हाक कोण मारणार?"