लेक चढाईला आणि कॅमेरा रेषेबाहेर!

मंडळी, आत्ताच डोंबिवलीहून ठाण्याला घरी पोचलेय, पण डोकं अजून त्या हॉलमध्येच आहे.

माझ्या रुचाच्या कबड्डी टीमवर तिच्याच कॉलेजातल्या मृण्मयीने डॉक्युमेंट्री केलीय. आज ती दाखवली. मी पहिल्या रांगेत, अर्थातच लेकीला बघायला.

फायनल अटीतटीची. रुचा चढाईला निघाली आणि कॅमेरा वळला थेट रेषेबाहेर, बाद होऊन बसलेल्या पूजावर! टीमने पॉइंट घेतला तरच ती परत आत येणार होती. मी चिडून पुटपुटले, "अगं, खेळ तिकडे चाललाय ना!"

पण पडद्यावर फक्त पूजाचा चेहरा. म्युझिक नाही, पब्लिकचा गोंगाट नाही. लांबून नुसता रुचाचा आवाज, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." पूजाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग झटापट ऐकू आली. आवाज बारीक होत गेला आणि थांबला.



आणि पूजा उठली. धावत आत गेली! अख्खा हॉल ओरडला, मी तर खुर्चीवरून उठलेच.

नंतर मृण्मयीला विचारलं, "बाकीचे आवाज का गं काढून टाकलेस?"

"काकू, पूजाला तेव्हा एवढंच ऐकू येत होतं. मी विचारलेलं तिला."

काय पोरगी आहे!

रुचाची एकही मॅच मी सोडत नाही. पण ती कोणाला परत आणायला जीव तोडून खेळते, ते आज दिसलं.

खरं सांगा, मुलांच्या मॅचला गेल्यावर तुम्ही कधी रेषेबाहेर बघितलंयत?