वॉर्डातला वास

सन २००२ होते आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा उजवा पाय वर उचलून धरला, तळव्यात चिमटा घातला आणि बाभळीचा काटा बाहेर ओढला. चांगला लांब काटा होता. ट्रेमध्ये टाकला तर आवाज आला. मला मात्र काहीच समजले नाही. टोचले नाही, दुखले नाही.

डॉक्टरांनी विचारले, "बाबा, हा कधीपासून आत आहे?"

मी म्हटले, मले काय माहीत, आत्ताच तर पाहून राह्यलो.

ते म्हणाले, "दुखत नाही म्हणूनच भीती आहे. याला डायबेटिक फूट म्हणतात."

मी चौथी शिकलेला माणूस. पुलगावला मिलमध्ये जन्म घालवला. त्यांनी सोपे करून सांगितले ते इथे लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत कोणाला साखर असेल तर त्याच्या कामी यावे. शरीरात साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. मग काटा रुतला काय, विस्तव लागला काय, पाय खबर देत नाही. जखम आतल्या आत वाढते आणि मांस मरते. त्या मेलेल्या मांसाला गँगरीन म्हणतात. ते पसरत वर चढले तर पाय कापावा लागतो, कधी बोटे, कधी गुडघ्यापर्यंत.

माझा पाय राहील का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, आज सांगता येत नाही.

आता काटा कसा रुतला ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमच्या गल्लीत एक किराणा दुकानदार आहेत. चांगले गृहस्थ. दरवर्षी नवरात्रात चप्पल घालत नाहीत. मी त्यांच्या ओट्यावर बसायला जायचो. एकदा ते सहज बोलले, "तुमच्यात असं कडक काई नसते ना, काका?" त्यांच्या मनात काही नव्हते. माझ्या मनात ते बसले. मी आमच्या मंडळीचा पंच, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. आमच्यात कडक नसते म्हणजे काय?

पुढच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितले की ईस्टरपर्यंत अनवाणी चालीन. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपासना झाल्यावर बाजूला घेतले. म्हणाले, असा नेम आपल्यात कोणी सांगितलेला नाही, आणि तुम्हाला साखर आहे, नका करू. मी म्हटले, बोललो ते बोललो. माझी बायको शांता रोज सकाळी माझ्या चपला दारात काढून ठेवायची. मी त्या ओलांडून जायचो.

मार्च सरता सरता आमच्याकडे डांबर नरम पडते. शेजारचे लोक सावली पाहून चालत आणि मी रस्त्याच्या मधून चालत होतो. पाय पोळत नव्हते. मी मंडळीत उभे राहून साक्ष दिली की देवाच्या कृपेने मला डांबरही थंड लागते. लोकांनी आमेन म्हटले. दोन बायांच्या डोळ्यांत पाणी आले. नसा मेल्या होत्या आणि मी त्याला कृपा म्हणून राह्यलो होतो.

मग घरात वास सुटला. मी म्हटले उंदीर मेला. शांताला कपाट सरकवायला लावले, धान्याची कोठी सरकवायला लावली. उंदीर नाही सापडला तर शेजारच्यांच्या नालीवरून भांडलो. एके दिवशी ताप भरला आणि चादरीवर पायाजवळ ओले दिसले, तेव्हा शांताने काही न विचारता रिक्षा बोलावली. पॅसेंजरने आम्ही वर्ध्याला आलो. मुलगा भुसावळला नोकरीला, तो चार दिवस राहून गेला. मग आम्ही दोघेच.

वॉर्ड मोठा होता. माझ्या बाजूच्या खाटेवर डोमाजी नावाचा माणूस होता, केळझरच्या पलीकडच्या खेड्यातला. गावची ढोरं चारायचा. म्हशीने चेपला म्हणून मांडीपर्यंत प्लास्टर. बायको नव्हती, पुतण्या कधी यायचा कधी नाही. शांता त्यालाही आपल्या डब्यातली भाकर द्यायची. तो तिला वहिनी म्हणायचा आणि मला पंच. मी पंच आहे हे मीच पहिल्या दिवशी वॉर्डभर सांगितले होते.

तपासण्या रोज चालायच्या. सकाळी रक्त, मग एक्स-रे, हाडापर्यंत गेले का ते पाहायला. पोटात इन्सुलिनची सुई. इन्सुलिन म्हणजे साखर उतरवायचे औषध. ते घेतल्यावर जेवावेच लागते, नाही तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. रोज पट्टी सोडून जखम धुवायचे. मी तेव्हा भिंतीकडे तोंड करायचो. आपला पाय पाहायची हिंमत नव्हती, पण मी म्हणायचो, पाहून काय करायचं, देव पाहून राह्यला.

संध्याकाळी मी खाटेवर बसून मोठ्याने प्रार्थना करायचो, सगळ्या वॉर्डसाठी, एकेकाचे नाव घेऊन. मला वाटायचे, मी इथे आलो त्याच्यामागे हाच हेतू असेल. लोक ऐकायचे. डोमाजी तर हात जोडायचा. एकदा म्हणाला, "पंच, माह्या म्हशीचं बी नाव घ्या. तिची काई चूक नव्हती." लोक हसले. मी नाही हसलो. प्रार्थनेत थट्टा मला चालत नव्हती.

आणि मग तिथेही वास आला.

घरच्यासारखाच, पण जास्त. मी इकडे तिकडे पाहिले. माझ्या पायाला तर रोज नवी पांढरी पट्टी. डोमाजीचे प्लास्टर मळके, आत काय आहे कोणाला दिसते? मी सिस्टरला सांगितले की याच्या प्लास्टरमध्ये सडलेले आहे. सिस्टर म्हणाल्या, बाबा, वॉर्डात वास असतोच. मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी डोमाजीचे प्लास्टर वाकून पाहिले, ते ठीक आहे म्हणाले, आणि माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. तेव्हाच मला समजायला पाहिजे होते. पण मी ठरवले की डॉक्टर मोठा असला तरी त्याला नाक नाही.

त्या संध्याकाळी मी प्रार्थनेत म्हटले, प्रभू, माझ्या शेजाऱ्याच्या देहातली घाण दूर कर. तो हात जोडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी ताट सारले. म्हटले, या वासात मी जेवणार नाही, याला दुसरीकडे न्या. इन्सुलिन टोचून झाले होते. सिस्टरने समजावले, रागावल्या, साखरेचे पाणी आणले. मी तोंड मिटून बसलो. मिलमध्येही मी एकदा संपाला बसलो की उठत नसे, त्याचा मला मोठा अभिमान होता. शांता काही बोलायला गेली, तर डोमाजीने तिला हाताने थांबवले आणि सिस्टरला म्हणाला, "मले व्हरांड्यात टाका ना, बाई. माहा जन्म बाहेरच गेला, मले छपराखाली झोप नाई येत."

त्याची खाट बाहेर नेली. मी जेवलो. वरून शांताला म्हटले, चांगला माणूस आहे, पण या लोकांना स्वच्छतेची सवय नसते. ती ताट घेऊन धुवायला गेली.

उन्हाळा चढला होता. व्हरांड्यात दुपारी लू, म्हणजे उन्हाचा गरम वारा, आत शिरायची. डोमाजीच्या खाटेला कोणीतरी ओली चादर बांधली होती, ती घटकेत वाळायची. मला खिडकीतून तेवढी चादर दिसायची.

वास गेला नाही.

आठवडाभराने डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीत नेऊन मेलेले मांस खरवडून काढले. त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. वरून घातलेली पट्टी परत भिजली. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं काळी पडली आहेत. ती काढावी लागतील. वर चढलं असेल तर गुडघ्याखाली कापू. परवा ठरवू."

मी खाटेवर आलो. पाय जाणार की काय, हे डोक्यात, आणि नाकात तो वास. मी शांतावर उखडलो. म्हटले, तो डोमाजी व्हरांड्यातून बी वास मारते, त्याले अजून दूर नेत काऊन नाई?

ती पदराने माझ्या कपाळाचा घाम पुसत होती. तिने हात काढून घेतला.

"तो बाहेर जाऊन आठ रोज झाले," ती म्हणाली. "वास गेला का?"

मी खिडकीतून त्याच्या चादरीकडे पाहिले.

"तुमच्या पायाचा आहे. घरी होता तोच आहे. मले बी माहीत आहे, सिस्टरले बी माहीत आहे, साऱ्या वॉर्डले माहीत आहे."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"सांगतच होती मी, त्या दिवशी तुम्ही ताट सारलं तवा. डोमाजीनं सांगू नाई देलं. मागून म्हणे, वहिनी, म्हातारा देवाचं नाव घेते, साऱ्यांपुढं त्याले लाज वाटन. मले काय, मी बाहेर निजतो."

ती हळू बोलत होती, पण शेजारच्या खाटांवर ऐकू जात असणारच. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. एक म्हातारा उगीच खोकला. त्या वेळी मला समजले की हे सगळे लोक इतके दिवस मला सांभाळून घेत होते. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो असे मला वाटत होते, आणि ते माझ्या पायाचा वास सहन करत हात जोडून बसत होते.

चाळीस वर्षे मी दया, क्षमा, शेजाऱ्यावर प्रीती हे शब्द तोंडाने म्हटले. बोलायला मी कधी कमी पडलो नाही. डोमाजीला त्यातला एकही शब्द म्हणता आला नसता.

संध्याकाळ झाली. कोणीतरी विचारले, "पंच, आज प्रार्थना नाई का?" मी म्हटले, घसा बसला आहे. तेही खोटेच.

पायाचे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. दोन बोटे आणि त्यांच्यामागचा थोडा तळवा गेला. गुडघा वाचला. जखम भरायला पावसाळा लागला. आता मऊ तळव्याची चप्पल बनवून दिली आहे, ती मी घरातही घालतो, लेंटमध्येही घालतो. ज्यांना साखर आहे त्यांना माझे सांगणे आहे. रोज झोपायच्या आधी तळवे पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून पाहा, नाही तर घरच्या माणसाला पाहू द्या. त्यात कमीपणा नाही. अनवाणी चालू नका. पाय पोळत नसेल तर खुश होऊ नका, दवाखान्यात जा. वास आला तर पहिले आपल्याकडे पाहा. डॉक्टर, सिस्टर आणि त्या वॉर्डातल्या सगळ्यांचे उपकार आहेत. शांताचे तर आहेतच. ते तिला तोंडावर सांगणे मला अजून जमलेले नाही, म्हणून लिहिले.

पण शांताने सांगितले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी काय केले, ते राहिले. तेव्हा पायाचा फैसला व्हायचा होता आणि पाय खाली टेकायची मनाई होती. मी शांताला चाकाची खुर्ची आणायला सांगितली. कुठे जायचे, तिने विचारले. मी व्हरांड्याकडे बोट केले.

डोमाजी जागा होता. तोंड उन्हाने काळे पडले होते. मी रात्रभर पुष्कळ शब्द जुळवले होते. तिथे गेल्यावर एवढेच निघाले, "डोमाजी, वास माझ्या पायाचा होता."

"हो ना," तो म्हणाला.

"आत चाल."

त्याने नाक पुसले आणि म्हणाला, "नाई बुवा. आत वास येते."

शांताने तोंडाला पदर लावला. मला रागवायचे होते, आणि हसू आले. हसता हसता ते वेगळेच होऊन गेले, तर मी मान खाली घातली. खाली त्याच्या खाटेखाली लघवीची बाटली होती, काठोकाठ भरलेली. व्हरांडा वॉर्डाच्या टोकाला, तिकडे कामाच्या माणसाला यायला उशीर व्हायचा, आणि प्लास्टर घेऊन त्याला तर उठताही येत नव्हते.

मी वाकून ती उचलली. तो म्हणाला, "राहू द्या, पंच, तुमचं काम नाई ते." मी ती मांडीवर ठेवली, दोन्ही हातांनी धरली. संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता. शांताने खुर्ची वळवली. सगळ्या खाटांवरची माणसे उठून बसली होती, चहा चालला होता, आणि आम्ही मधून निघालो. शांता मागून म्हणाली, "सरळ धरा, सांडन."

मी सरळ धरली.