इंदूबाईंची मुकी दाढ

...तर काल वाफेपर्यंत आलो होतो आपण, अन् मधेच चहा आला. इंदूबाई डोक्यावर चादर घेऊन पातेल्यावर वाकलेल्या, आणि बाहेरून जो तो आपापलं कारण सांगून राहिलेला. नवरा गुलाबराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणत, "सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ आहे हे. छतावर हात फिरवून पाह्य, तळहात काळा होते." सून गंधाली कूलरला दोष द्यायची. शेजारणीच्या मते तलावाची ओल.

सर्दी कोणाला होत नाही हो? पण ही सर्दी चार महिन्यांची, आणि एकाच नाकपुडीची. उजवी मोकळी, डावी वाहती. तव्यावर पोळी फुगली तरी बाईंना कुजक्या पाण्याचा वास यायचा. गोळ्या घेतल्या की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच.

इथं बूढ़ापाऱ्यात, म्हणजे या मोहल्ल्यात, इंदूबाईंना नावानं कोणी हाक मारत नाही. त्या मितानिन दीदी, म्हणजे पाऱ्याची आरोग्यवाली बाई. लसीच्या दिवशी लपलेले पोट्टे छतावरून हुडकून आणणाऱ्या, बाळंतिणीला रिक्षात घालून नेताना गल्लीतल्या स्कूटर स्वतः ढकलून बाजूला करणाऱ्या. आणि त्यांचं मोठं भांडण गुड़ाखूशी. तंबाखू अन् गुळाचा तो काळा लगदा इकडच्या बाया सकाळी उठल्याबरोबर दातांवर घासतात. घासल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. इंदूबाईंनी घराघरांत जाऊन डब्या काढून घेतल्या, शपथा घ्यायला लावल्या, रुसवे ओढवून घेतले.

आणि त्याच इंदूबाईंच्या कमरेच्या बटव्यात एक डबी होती.

झालं असं की, तीन वर्षांपूर्वी डावीकडची वरची दाढ ठणकली. बाहेर एक बाई बाळंतपणात अडलेली, गाडी यायची होती. दाताच्या डॉक्टरकडे जायला वेळ कोणाला? बटव्यात कोणाकडून तरी काढून घेतलेली डबी तशीच पडली होती. चिमूटभर घासलं. ठणका गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणकला, पुन्हा घासलं. पुढे दाढ दुखायचीच बंद झाली. घासणं मात्र सुटलं नाही. न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, दिवसातून चारदा.

मंगळवारी सकाळी नात दीक्षा चहा घेऊन आली आणि कप तसाच घेऊन मागे सरली. "आजी, आपकी आँख!"

डावी पापणी सुजून जवळजवळ मिटली होती. गाल तापलेला, अंगात ताप. इंदूबाईंनी आरशात पाहिलं. मितानिन म्हणून वीस वर्षं सुजलेले डोळे त्यांनी दुसऱ्यांचे पाहिले होते, स्वतःचा नव्हता.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर शर्मिष्ठा नागपूरकडच्या. नाकात दुर्बीण घालून पाहिलं, स्कॅन करवला आणि पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "काकू, गालाच्या हाडात अशी पोकळ खोली असते, सायनस. तिची खिडकी नाकात उघडते. सर्दीनं किंवा धुळीच्या त्रासानं खिडकी सुजली की आतला शेंबूड अडतो, त्यात जंतू वाढतात. पण तसं झालं असतं तर बहुतेक दोन्ही बाजूंना झालं असतं. तुमची एकच बाजू भरलीय, वर घाण वास. हे खालून आलंय. वरच्या दाढेची मुळं या खोलीच्या जमिनीला टेकलेली असतात. ही दाढ मुळापाशी सडलीय, पू वर चढलाय."

"अन् डोळा?" गुलाबरावांनी विचारलं.

"सूज डोळ्याच्या मागे गेली तर नजर जाऊ शकते. आत्ता भरती व्हा. आधी शिरेतून औषध, मग दाढ काढू." डॉक्टर इंदूबाईंकडे वळल्या. "एवढी सडेपर्यंत दुखली नाही?"

"नाई."

"काही लावत होता का? तंबाखू, मिश्री, गुड़ाखू? उगाच नाही विचारत. दाढ काढल्यावर तोंडातून सायनसमध्ये भोक राहू शकतं. तंबाखू चालू राहिला तर ते भरणार नाही, आणि हे सगळं पुन्हा होईल."

इंदूबाईंचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. समोर नवरा, बाजूला सून. आणि सलाईनची बाटली टांगत होती सुनीती, बूढ़ापाऱ्याचीच आयाबाई. ती खळखळून हसली. "मितानिन दीदी और गुड़ाखू? क्या मैडम! मेरी तो इन्होंने ही छुड़वाई थी. पूरे पारा के सामने डाँटा था मेरे को!"

गुलाबरावही हसले. "हव. घरात सुपारी ठेवू देत नाही बाई."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलेलं. "मग नाही लिहू?"

बाईंना डाव्या डोळ्यानं आता पेन नीट दिसत नव्हतं. हो म्हटलं तर पाऱ्यातल्या बायांच्या पुढच्या बैठकीत कोणत्या तोंडानं बसायचं? नाही म्हटलं तर डोळा. गंधालीनं सासूचा हात धरला.

इंदूबाईंनी बटव्याची गाठ सोडली, डबी काढून टेबलावर ठेवली आणि बोलल्या, "लिहा मॅडम. तीन वर्षं झाले, दिवसातून चारदा घासतो मी. दाढ दुखे, घासलं का मुकी होये, मले वाटलं बरी झाली. काढा ते, अन् आजपासून हे बी बंद. अन् सुनीती, तू पाऱ्यात आजच सांगून टाक. मी घरी आली का बायायच्यासमोर जाऊन बसीनच, पण तवापर्यंत त्यायचं हासून तरी होईन."