आठ प्रोसेसर आणि मसाल्याचा डबा

खिडकीमागचा माणूस ‘सिस्टिम स्लो आहे’ म्हणाला की तुम्ही गप्प का बसता?

मीही बसलो असतो. पण नव्वदच्या दशकात बंगळूरमधल्या ज्या कंपनीत मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करायचो, तिचंच यंत्र, म्हणजे मोठा संगणक, शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात बसवलेलं होतं. केसपेपर त्याच्यावरूनच निघायचे, आणि त्यांची रांग फाटकापर्यंत जायची. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीचे वडील त्या रांगेत काठी टेकून उभे असायचे. ती बंगळूरच्याच चिकपेट भागातल्या जुन्या मराठी घरातली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो.

यंत्रात आठ प्रोसेसर. चार लावले तर ते बरं चालायचं, आठ लावले की धापा टाकायचं. पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं: “बसची मर्यादा आहे. हार्डवेअरपुढे आपण काय करणार?” बस म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला सामायिक रस्ता. तो तुंबला की गिऱ्हाइकानं नवं यंत्र घ्यायचं!

अक्कानं कर्नल उघडला. कोणता प्रोसेसर किती राबतो हे साहेबांना बैठकीत दाखवायचं असे, म्हणून त्यांच्याच हुकमावरून आम्ही प्रत्येकाचा एक आकडा मेमरीत ठेवला होता. आठही आकडे एकमेकांना खेटून.

“अय्यो, हा तर आमच्या घरचा मसाल्याचा डबा!” ती म्हणाली. “एकीला हळद हवी, दुसरीला मोहरी, पण उचलायचा अख्खा डबा. आठ जणी, एक डबा. स्वैपाक कधी व्हायचा रे?”

“मग काय करायचं?”

“प्रत्येकीला वेगळी वाटी दे.”

खरंच तसंच होतं. बसवरून मेमरी तुकड्यातुकड्यानं येते. एका प्रोसेसरनं आपला आकडा बदलला की बाकीच्यांना तो सगळा तुकडा पुन्हा मागवावा लागे. रस्ता तुंबवला होता तो आमच्या मोजणीनंच. आम्ही आकडे दूर दूर, वेगवेगळ्या तुकड्यांत ठेवले आणि त्याच बसवर आठही प्रोसेसर पळू लागले.

“छान,” साहेब म्हणाले, “नव्या यंत्राबरोबर देऊ.”

“आणि इस्पितळाचं, सर?”

“त्यांनाच तर नवं विकायचंय! वेडी आहेस का?”

“माझे अप्पा त्या रांगेत उभे असतात.”

“मग त्यांना घडीची खुर्ची घेऊन दे.”

दोघंतिघं हसले. अजून ते हसू आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला. दुपारीच एक पान लिहून कॅन्टीनच्या दारावर डकवलं: ‘इस्पितळातली रांग आपण लावली आहे. ती मोडायचा उपाय आपल्याकडे तयार आहे.’ साहेबांनी ते फाडलं. मी दुसरं लावलं, तेही फाडलं गेलं. दुरुस्ती आमच्या डिस्कवर पडून राहिली आणि नवं यंत्र येईपर्यंत अप्पा काठी टेकून उभे राहिले. यंत्र आलं तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. अक्कानं पेढ्याला हात लावला नाही.

म्हणून एक करा. खिडकीमागच्या माणसावर ओरडू नका, त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याच्या वरिष्ठांकडे जा आणि लेखी विचारा: ही मर्यादा कुणी तपासली, आणि ती यंत्राची आहे की विकणाऱ्याची? सही तुमची करा, मग रांगेतल्या मागच्या माणसाकडे पेन द्या.